रोजगार मेळाव्याला जायचं का? घरून निघायच्या आधीचा हिशेब

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा रोजगार मेळाव्याला गेलो. परभणीहून पहाटेची गाडी, फोल्डरमध्ये बायोडाट्याच्या १५ झेरॉक्स, डब्यात चपाती नि शेंगदाण्याची चटणी. औरंगाबादला (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) मैदानावर पोचलो तर रांग गेटाच्या बाहेर आलेली. साडेतीन तासांनी आत शिरलो. २३ टेबलं होती, त्यातल्या १९ टेबलांवर आयटीआय नाहीतर डिप्लोमा मागत होते. उरलेल्या चारांत दोन विमा एजंटाची, एक सिक्युरिटी गार्डचं आणि एक कॉल सेंटरचं. केमिस्ट्रीवाल्याला विचारणारं कुणीच नव्हतं. संध्याकाळी गाडीत बसल्यावर वर्गातला एक मित्र म्हणाला, "अरे, कंपन्यांची यादी तर परवाच कॉलेजच्या बोर्डावर लागली होती. तू वाचली नाहीस व्हय?"

आज मी त्याच शहराजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका कारखान्यात एचआरमध्ये, म्हणजे भरतीच्या खात्यात आहे. वर्षातून चार-पाच मेळाव्यांना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. समोर उभ्या पोरापोरींत मला अजूनही तो १५ झेरॉक्सवाला दिसतो. जावं की न जावं, हे घरी बसून तासाभरात ठरवता येतं. त्यासाठी काय बघायचं ते सांगतो.

आधी बघा, मेळावा भरवतंय कोण

मराठवाड्यात ढोबळमानाने चार तऱ्हेचे मेळावे होतात.

पहिला सरकारी. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचा. नाव लांबलचक आहे, जुने लोक त्या कचेरीला अजून एम्प्लॉयमेंट एक्सचेंजच म्हणतात. 'पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा' असं पोस्टरवर दिसलं की तो यांचा. नोंदणी महास्वयम् पोर्टलवर होते, फुकट होते. इथं पदं बहुतेक दहावी-बारावी, आयटीआय, डिप्लोमाची असतात. पदवीधरांसाठी असतात पण मोजकी.

दुसरा विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्यांची संलग्न कॉलेजं. चार-पाच कॉलेजं मिळून करतात त्याला पूल कॅम्पस म्हणतात. गर्दी कमी, आणि कंपन्या तुमची शाखा माहीत करून घेऊन आलेल्या असतात. पदवीच्या विद्यार्थ्याला माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा. तुमच्या कॉलेजचं नाव त्यात नसलं तरी प्लेसमेंटच्या सरांना फोन करायला लावा. बाहेरच्यांना घेतात की नाही ते एका फोनवर कळतं.

तिसरा पुढाऱ्यांचा. मंडप मोठा, बॅनर मोठे, भाषणं लांब. हसू नका, त्यात खरी भरतीही होते. आम्ही स्वतः अशा मेळाव्यातून १४ पोरं घेतली आहेत. फक्त उद्घाटन होईपर्यंत टेबलं सुरू होत नाहीत, तेव्हा १० ची वेळ असली तर १२ धरून चला.

चौथा खासगी एजन्सीचा, हॉटेलच्या हॉलमध्ये, 'प्रवेश शुल्क फक्त' असं काहीतरी लिहिलेला. इथं मी सरळ सांगतो, जाऊ नका. नोकरी देणारा माणूस उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, मेडिकल, कोणत्याही नावाखाली आधी पैसे मागितले की तिथून निघायचं. ऑनलाइन पैसे भरून बसला असाल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. दोन दिवस लाजून गप्प बसलं की पैसे परत मिळायची आशा कमी होते.

यादी वाचायची कशी

मेळाव्याच्या दोन-तीन दिवस आधी कंपन्यांची यादी निघते. पोर्टलवर असते, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरते. पोरं वर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बघतात, '२,००० पदे', आणि खूश होतात. आकडा बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक ओळीतून चार गोष्टी उतरवा: पद, शिक्षण, कामाचं ठिकाण, आणि कंपनी स्वतः भरती करतेय की दुसऱ्यामार्फत.

चौथ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण सगळे तिथंच फसतात. यादीत नाव एखाद्या 'मॅनपॉवर', 'स्टाफिंग' किंवा 'एच.आर. सर्व्हिसेस'चं असतं आणि कंसात मोठ्या कारखान्याचं. याचा अर्थ तुमचं नेमणूकपत्र त्या एजन्सीचं असणार. काम कारखान्यात कराल, पगार ठेकेदार देईल, आणि काम संपलं की कारखाना तुम्हाला ओळखणार नाही. हे बेकायदा नाही, कित्येकांनी तिथूनच सुरुवात केली आहे. पण घरी पेढे वाटताना कुणाच्या नावाने वाटतोय ते ठाऊक असावं.

दुसरा घोळ मोठ्या बातम्यांचा. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरच्या प्रकल्पासाठी करार केला, तेव्हापासून प्रत्येक मेळाव्यात कुणीतरी विचारतंच, "सर, टोयोटाचं टेबल कुठंय?" करार नि भरती यांच्यामध्ये अख्खा कारखाना बांधायचा असतो, बाबांनो. यादीत नाव असेल तरच टेबल असतं.

आता कागदावर खुणा करा. तुमचं शिक्षण बसतं अशी पदं किती? त्यांतल्या किती ठिकाणी तुम्ही खरंच राहायला जाल? दोन्ही चाळण्यांतून तीन टेबलं उरली तर जा. एक-दोनच उरली तर त्या कंपन्यांच्या वेबसाइटवरून थेट अर्ज करा, दिवस वाचेल. शून्य उरली तर घरी राहा. तीनच का, याला शास्त्र नाही. एका टेबलावरचा माणूस आलाच नाही आणि दुसऱ्याची पदं भरली, तरी एक उरावं एवढंच.

तुम्ही कितव्या वर्षाला आहात

पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर नोकरी मिळणार नाही. गावातच मेळावा असेल तर मात्र जा, बायोडाटा न घेता. तासभर फिरा, कोणत्या टेबलापुढं रांग आहे आणि कोणतं ओस पडलंय ते बघा. दुपारनंतर गर्दी ओसरली की टेबलावरच्याला विचारा, "सर, दोन वर्षांनी याच पदासाठी यायचं तर काय शिकून यावं?" हा प्रश्न मला वर्षातून एखाद-दुसरं पोरगंच विचारतं, आणि विचारलं की मी खुर्ची ओढून बसवतो. मागं लातूरकडची एक मुलगी अशीच आली होती. तिला म्हटलं, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल शिक. पुढच्या वर्षी ती आली ती त्याची फाइल मोबाइलवर घेऊनच.

पण त्यासाठी दीडशे किलोमीटर प्रवास करायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, त्याची जागा शोधायला मेळावा बरा पडतो, एवढं एक कारण धरता येईल.

शेवटच्या वर्षाला असाल तर यादीत 'अपिअर्ड चालेल' (म्हणजे निकाल लागायचा असला तरी चालेल) असं आहे का ते आधी फोन करून विचारा. आमच्यासारख्या कारखान्यांना पुष्कळदा सोमवारपासून माणूस हवा असतो. तुमची परीक्षा मे महिन्यात आणि मेळावा डिसेंबरात असेल तर तिथं तुम्ही कितीही चांगलं बोललात तरी उपयोग नाही. आणि त्याच दिवशी प्रॅक्टिकल किंवा इंटर्नल असेल तर विचारसुद्धा करू नका. मेळावा पुन्हा भरतो. एटीकेटी निघायला मात्र सहा महिने जातात.

पदवी होऊन बसलेले असाल तर पारडं जाण्याकडे झुकतं. त्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही बघा. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरीचा शब्द त्यात नाही, आणि शिक्षण चालू असणाऱ्यांना ते मिळत नाही. अनुभवाचं एक पान हवं असेल तर घ्या.

दिवसाचा खर्च मांडा

हे कागदावर लिहायची पोरांना लाज वाटते. समजा तुम्ही जिंतूर तालुक्यातल्या गावातून छत्रपती संभाजीनगरला निघालात. जाण्यायेण्याचं तिकीट, स्टँडवरून मैदानापर्यंतची रिक्षा, दुपारचं खाणं, झेरॉक्स, फोटो. सगळं मिळून ५००-७०० रुपये सहज. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यांचा खर्च तेवढा कमी. मुक्काम पडला तर हिशेब दुप्पट.

वर बुडालेली मजुरी. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू असते, घरी एकेक हात मोलाचा. त्या दिवशी तुमच्या जागी बाहेरचा माणूस लावावा लागला तर त्याची मजुरीही याच कागदावर येते. हा खर्च तीन टेबलांसाठी पटत असेल तर पटतो. पटत नसेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या मेळाव्याची वाट बघण्यात कमीपणा नाही. जालन्याचा पोरगा स्टीलवाल्यांच्या मेळाव्याला जालन्यातच जाऊ शकतो, त्यासाठी पुण्याला कशाला जायचं?

'१८ हजार' म्हणजे हातात किती

यादीत पगाराच्या रकान्यात लिहिलेलं असतं '१८,००० सीटीसी', म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च. पोरगा घरी सांगतो, अठरा हजार मिळणार. मग पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्याकडे तक्रार येते की साहेब, पैसे कापले. एक सोपं गणित घालतो.

समजा मूळ पगार १२,००० आणि भत्ते ४,०००, म्हणजे एकूण १६,०००. कंपनी आपल्याकडून पीएफ भरते मूळ पगाराच्या १२ टक्के, १,४४० रुपये. ईएसआयचे (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के, म्हणजे ५२०. बेरीज झाली १७,९६०. हेच ते 'अठरा हजार'. आता तुमच्या पगारातून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १२०, आणि व्यवसाय कर २००. हातात उरले १४,२४०. (बाईमाणसाला महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तिच्या हातात १४,४४०.) कँटीन आणि कंपनीची बस यांचं कापलं जात असेल तर ते आणखी निराळं.

पीएफ तुमचाच पैसा आहे, तो बुडत नाही. पण खोलीभाडं नि मेस हातातल्या पैशातून जाणार. पुण्याजवळ चाकणला चौघांत खोली घेतली, भाडं नि जेवण मिळून ६,००० धरलं, तर घरी पाठवायला किती राहतात ते आधीच कळू द्या.

घरी विचारून ठेवा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. टेबलावर माझा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो: "चाकणला जाशील का?" आमचं एक युनिट तिकडं आहे. दहातली सहा पोरं त्या प्रश्नाला गडबडतात. "घरी विचारून सांगतो सर." मी मान डोलावतो. पण बायोडाट्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनाने एक अक्षर लिहितो. जायला तयार असेल त्याच्यावर 'चा', घरच्याजवळच हवं त्याच्यावर 'घ', आणि ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यावर नुसतं टिंब. संध्याकाळी दोनशे कागदांचा गठ्ठा घेऊन बसलो की 'चा' वेगळे निघतात, 'घ' वाळूजसाठी निघतात. टिंबवाले खाली राहतात. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो, "सर, घरचे तयार झाले," तोवर जागा भरलेली असते.

तेव्हा आदल्या रात्री जेवताना विषय काढा. "बाबा, पुण्याकडची मिळाली तर जाऊ का?" मुलीच्या बाबतीत आईला आणि आजीलाही. नुसतं "जाऊ का" विचारलं तर "नको" येतं. "कंपनीची बस आहे का, राहायची सोय आहे का, शिफ्ट कोणत्या आहेत, हे विचारून येते, मग ठरवू" म्हटलं तर बोलणं पुढं सरकतं. उत्तर ठाम 'नाही' आलं तरी बिघडत नाही, बाहेरची टेबलं यादीतून खोडा आणि पुन्हा मोजा, तीन उरतात का.

जायचं ठरलं, आता तयारी

बायोडाटा एक पानाचा. वर नाव, चालू असलेला मोबाइल नंबर, गाव नि तालुका, शिक्षण टक्क्यांसकट. 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' हे प्रत्येकाच्या कागदावर असतं, माझी नजर त्यावर ठरतही नाही. त्याऐवजी खरं केलेलं एक काम लिहा. बापाच्या कृषी सेवा केंद्रात दोन हंगाम स्टॉक रजिस्टर लिहिलं असेल तर तेच लिहा. स्टोअरच्या पदासाठी मी असा पोरगा आधी बोलावतो.

मूळ कागदपत्रं दाखवायची, द्यायची नाहीत. माझ्या बॅचच्या एकाची मूळ मार्कशीट एका कंपनीने 'जॉइनिंगपर्यंत' म्हणून ठेवून घेतली. ती परत मिळवायला त्याला चार हेलपाटे पडले, त्यात पुढचा प्रवेश हुकला. आधारच्या झेरॉक्सवर 'फक्त नोकरी अर्जासाठी' असं लिहून तारीख टाका. बॉण्डवर (अमुक काळ नोकरी सोडणार नाही या करारावर) मेळाव्यात सही करू नका. घरी वाचून करतो म्हणा, खरी कंपनी थांबते.

कपडे इस्त्रीचे, बस्स. टायची गरज नाही. मे महिन्यात मंडपात टाय घातलेला पोरगा घामाने निथळत उभा असतो, मलाच वाईट वाटतं.

मैदानावर सकाळी लवकर पोचा आणि ज्या टेबलावर जीव आहे तिथं सगळ्यात आधी जाऊ नका. आधी तुमच्या पसंतीत तीन नंबरला असलेल्या टेबलावर जा. तिथं जीभ मोकळी होते, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ची भीती निघून जाते. मग खऱ्या टेबलावर. इंग्रजी अडलं तर "सर, मराठीत सांगू का?" असं विचारा. मी तरी आजवर नाही म्हटलेलं नाही. चालत नाही ते एकच उत्तर, "सर, मला कायबी चालतंय." कोणतंही काम चालतं म्हणणाऱ्याला कोणत्या खुर्चीवर बसवायचं, ते मला सुचत नाही.

उठायच्या आधी तुम्हीही विचारा. नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं? हातात किती? ठिकाण कोणतं, शिफ्ट कोणती? पुढचा राउंड कधी आणि फोन कुणाचा येईल? उत्तरं तिथंच उभ्या-उभ्या वहीत लिहा. चार टेबलं झाली की सगळं एकात एक मिसळतं. आणि मंडपात 'प्राथमिक निवड' झाली, पाहुण्यांच्या हस्ते कागद मिळाला, फोटो निघाला, तरी त्या कागदावर पगार, पद नि रुजू व्हायची तारीख आहे का ते बघा. नसेल तर तो मुलाखतीचा पुढचा टप्पा आहे, स्टेटसला 'अखेर नोकरी लागली' टाकायची घाई नको.

चार दिवसांत फोन नाही आला तर एक मेसेज टाका: नाव, पद, मेळाव्याची तारीख. एकच. रोज गुड मॉर्निंग पाठवणाऱ्यांचे नंबर मी म्यूट करतो, हे कबूल करून टाकतो.

नाही जायचं ठरलं तर

मग तो दिवस मोकळा सोडू नका. जो वेळ रांगेत गेला असता त्यात यादीतल्या एक-दोन कंपन्यांच्या वेबसाइटवर अर्ज करा, महास्वयम्‌वरची नोंदणी करून ठेवा, आणि तुमच्याच कॉलेजातून वर्ष-दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, सध्या वाळूज, शेंद्रा किंवा जालन्यात असलेल्या एखाद्या सीनियरला फोन करा. आमच्याकडे गेल्या वर्षी लॅबमध्ये केमिस्टची जागा निघाली तेव्हा मेळावा जवळ नव्हता. मी आमच्याच एका परभणीच्या पोराला विचारलं, "तुझ्या मागच्या बॅचमध्ये कोण आहे का रे?" त्याने जेवणाच्या सुट्टीत दोन नंबर दिले. त्यातला एक लागला नाही. दुसरा सोयाबीनच्या रानातून बोलत होता, मागं मळणीयंत्राचा आवाज येत होता. "सर, जरा थांबा, बांधावर येतो," म्हणाला. सोमवारी मुलाखतीला आला.